फ्रूट-क्रीमचं थंड लेअर डेझर्ट: तळाला पाणी का सुटतं आणि ते कसं थांबवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ओव्हन न वापरता बिस्किटं, व्हिप्ड क्रीम आणि ताजी फळं यांचे थर लावून तुम्ही दोनदा डेझर्ट केलंत, दोन्ही वेळा रात्री झक्कास दिसत होतं आणि सकाळी बघता तर तळाला वाटीभर पाणी, बिस्किटांचा लगदा, आणि चमचा घातला की सगळे थर एकमेकांत. आता बारा जणांसाठी करायचंय, जिलेटीन नकोय आणि वर ते गाडीतून दुसऱ्या घरी न्यायचंय.

मी गेली बरीच वर्षं अशी थंड डेझर्ट्स ऑर्डरने करते, शिकवतेही, आणि शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ जणींची तक्रार हीच असते. तुम्ही दिलेली मापं बघितली, ती ठीक आहेत. सगळी गडबड पाण्याची आहे. या डेझर्टमध्ये भाजणं, शिजवणं नसतं त्यामुळे जे पाणी आत गेलं ते आतच राहणार, ते कुठे जाऊन बसणार एवढंच आपल्या हातात असतं. फळातलं पाणी बाहेर यायला बघतं, बिस्कीट ते प्यायला टपलेलं असतं, आणि मधे क्रीम दोघांना धरून बसलेलं असतं. क्रीम नीट फेटलेलं असेल आणि फळ आधीच निथळलेलं असेल तर बाकी फार काही करावं लागत नाही.

आधी फळांचं बोलू कारण मुख्य चोर तेच. तुम्ही लिहिलंय की फळं कापून त्यावर साखर भुरभुरवली आणि लगेच थर लावले. आता साखर पडली की फळातलं पाणी बाहेर खेचलं जाणारच, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं ना तसंच. फरक एवढाच की तुमच्याकडे ते रात्रभर डिशमध्ये सुटत बसलं. मी काय करते, तर फळं कापून साखर लावून अर्धा तास चाळणीवर ठेवते, खाली वाडगं. स्ट्रॉबेरी, पीच, प्लम असली फळं असतील तर खाली चांगला अर्धी-पाऊण वाटी रस जमतो. तो रस फेकायचा नाही हां, तोच बिस्किटं बुडवायला वापरायचा, नाहीतर आटवून वरून घालायला. मग फोडी पेपर टॉवेलवर पसरून हलक्या हाताने टिपून घ्यायच्या. हे टिपायचं काम कंटाळवाणं आहे पण ते टाळलं की सकाळी तळाला पाणी दिसणारच.

मधल्या थरासाठी मात्र मी कच्च्या फोडी फारशा वापरतच नाही. मधे शिजवलेला घट्ट गर, आणि वर सजावटीला ताजी फळं, असा माझा हिशोब. 400 ग्रॅम फळांचे बारीक तुकडे, 60 ग्रॅम साखर, मंद आचेवर ठेवायचं, फळ मऊ झालं की एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. सुरवातीला ते गढूळ, दुधट दिसतं, बुडबुडे यायला लागले की एकदम काचेसारखी चमक येते. ती चमक आल्यावरही एक मिनिटभर उकळू द्यायचं, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते आणि नंतर पातळही होतं. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. हा गर पूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण गार करायचा. वरून गार लागला तरी मधे कोमट असतो, म्हणून पसरट ताटलीत काढायचा. कोमट गर क्रीमवर गेला की क्रीमची हवा बसलीच म्हणून समजा. फ्रोजन फळं असतील तर ती इथेच वापरायची, सजावटीला नाही, कारण गोठताना आतल्या बर्फाच्या कणांनी फळाच्या पेशी फुटलेल्या असतात, बर्फ वितळला की ती गळायलाच लागतात.

अननस, किवी आणि पपई या तिघांबद्दल वेगळं सांगते. यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, त्यामुळे जिलेटीन कधीच सेट होत नाही. तुम्ही जिलेटीन घालत नाही म्हणून तुम्ही सुटलात असं वाटेल, पण दूध, दही, क्रीममध्येही प्रथिनं आहेतच, ती तुटली की काही तासांनी कडवट चव येते. मी हे स्वतः भोगलंय. सुरवातीच्या दिवसात एका ऑर्डरचे चाळीस ग्लास, मधे ताज्या किवीचा पल्प, रात्री चव घेतली तेव्हा अप्रतिम, सकाळी घेतली तर कारल्याची आठवण झाली. चाळीसच्या चाळीस ग्लास टाकले आणि पहाटे पाचला परत क्रीम फेटायला बसले. उपाय सोपा आहे, ही फळं दोन-चार मिनिटं उकळून घ्यायची, उष्णतेने एन्झाइम मरतं. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो त्यामुळे तो चालतो. किवी कच्ची हवीच असेल तर वाढायच्या अगदी आधी वर ठेवायची. केळं, सफरचंद काळं पडतं ते वेगळं कारण, त्याला लिंबाचा रस चोळला की पुरतं, पण खरं सांगू का, केळं मी यात घालतच नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा वास बाकी सगळ्यावर चढतो.

आता क्रीम. इथे पहिली गोष्ट पॅक उलटा करून फॅट किती टक्के ते वाचायचं. 30 च्या खाली असेल तर तुम्ही कितीही वेळ फेटा, ते थर धरून ठेवणार नाही, 35 च्या आसपास असेल तर उत्तम. पंचवीस टक्केवालं क्रीम घेऊन बीटर जाळणारे लोक मी बघितलेत. कारण असं आहे की फेटताना क्रीममधल्या फॅटच्या बारीक गोळ्यांची सालं फाटतात, त्या एकमेकींना चिकटतात आणि हवेच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती भिंत बांधतात. फॅटच कमी तर भिंत कशाची बांधणार. आणि ते फॅट गार आणि घट्ट असलं तरच भिंत टिकते, म्हणून क्रीम फ्रिजमधून थेट बाहेर, भांडं आणि बीटरची पातीही पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. उकाडा असेल तर भांड्याखाली बर्फाच्या पाण्याचं दुसरं भांडं.

घरच्या सायीचं काय, असं दरवेळी कोणीतरी विचारतंच. साय फेटली की लोणी येतं, तिचा तो स्वभाव आहे. तिच्यात फॅट किती हे दर दिवशी वेगळं, आणि ती आधीच गोळा होऊन आलेली असते. बारा जणांच्या डिशला सायीचा प्रयोग करू नका.

फेटताना मिक्सरच्या स्पीडला फार मान देऊ नका, मध्यम ठेवा. सुरवातीला मोठे मोठे बुडबुडे, साबणाच्या फेसासारखे, मग ते बारीक होत जातात, मग पात्यांच्या मागे रेघा उमटायला लागतात पण लगेच भरून येतात. रेघा टिकायला लागल्या की पिठीसाखर आणि व्हॅनिला घालायचं. यानंतर डोळे भांड्यातच पाहिजेत, कान पण, कारण आवाज बदलतो, पातळ छपछप होती ती जाऊन जड घरघर येते. बीटर बंद करून उचला, टोक उभं राहिलं आणि शेंडा किंचित वाकला की थांबा. आमच्या या डेझर्टला हेच हवं. अजून अर्धं मिनिट फेटलंत की टोक ताठ होतं, कडा खरबरीत दिसायला लागतात, आणि अजून थोडं की रवाळ, पिवळसर, लोण्याच्या वाटेला लागलेलं. रवाळ झालं की लगेच घाबरू नका, दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानेच हळू कालवा, बहुतेक वेळा परत येतं. पाणी सुटून लोण्याचे गोळे दिसायला लागले असतील तर मात्र गेलं, ते ब्रेडला लावून खा. आणि हे लक्षात घ्या की पसरताना, दाबताना क्रीम अजून थोडं फेटलं जातंच, म्हणून एक पायरी आधीच थांबलेलं बरं.

तुमचं क्रीम रात्री चांगलं आणि सकाळी बसलेलं, म्हणजे त्याला आधार नव्हता. नुसतं फेटलेलं क्रीम काही तासांनी खाली पाणी सोडतंच. जिलेटीन नको म्हणालात, तर गरजही नाहीये, मी त्यात क्रीम चीज नाहीतर चक्का घालते. 600 मिली क्रीमला 250 ग्रॅम. चक्का घरी करायचा तर अर्धा किलोपेक्षा थोडं जास्त फुल फॅट दही सुती कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवायचं, बाहेर टांगलं तर आंबट होतं. बोटाने दाबलं तर खळगा राहिला पाहिजे. क्रीम चीज वापरणार असाल तर ते एकटं आधी, फ्रिजबाहेर अर्धा तास ठेवून, गुळगुळीत फेटून घ्या, कारण गार क्रीम चीजच्या गुठळ्या एकदा क्रीममध्ये गेल्या की काही केल्या मोडत नाहीत. मग फेटलेल्या क्रीमचा साधारण तिसरा हिस्सा त्यात घालून बिनधास्त कालवा, ते सैल करायलाच असतं, आणि उरलेलं दोन वेळा करून स्पॅच्युलाने खालून वर, खालून वर असं मिसळा. गोल गोल फिरवायचं नाही.

नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमबद्दल. केकवाले वापरतात ते. ते खूप वेळ उभं राहतं, फुलतंही जास्त, चुकायची शक्यता कमी, म्हणून नवशिक्यांना सगळे तेच सुचवतात. मला स्वतःला त्याची चव जिभेवर तेलकट लागते. पण उन्हाळा आहे, प्रवास आहे म्हटल्यावर अर्धं हे आणि अर्धं डेअरी क्रीम असं केलंत तर मी नाक मुरडणार नाही. ते फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्येच वितळू द्यायचं आणि बहुतेक वेळा ते आधीच गोड असतं, त्यामुळे चव घेतल्याशिवाय साखर घालू नका.

आगार वापरू का असं तुम्ही शेवटी विचारलंय. ते शेवाळापासून करतात त्यामुळे शाकाहारी आहे, किवी-अननसाच्या एन्झाइमचाही त्याच्यावर परिणाम होत नाही, पण त्याचा स्वभाव जिलेटीनच्या उलट. ते उकळावंच लागतं, नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, आणि साधारण 35 ते 40 डिग्रीला आलं की जमायला लागतं, म्हणजे बाहेर ओट्यावरच. असं पाणी गार क्रीममध्ये ओतलं की क्षणात त्याचे दोरे होतात. वर फळांच्या रसाचा चकचकीत थर हवा असेल तर आगार छान, क्रीमच्या आत नको.

बिस्किटं कुठली, तर साधी, चपटी, फार गोड नसलेली. क्रीम भरलेली नकोत. बुडवायची असतील तर एक सेकंद, खरंच एक, तोंडाने "एक" म्हणायचं आणि बाहेर. वरून कोरडी वाटली तरी चालेल, पुढचे सहा-आठ तास ती क्रीममधली ओल पीत बसणार आहेत, त्याची सोय आधीच ठेवायची. तुम्ही दुधात भिजवून मऊ करून लावली होतीत, म्हणजे त्यांनी पाणी आधीच पोटभर प्यायलेलं, फळाचं सुटलेलं पाणी मग प्यायचं कोणी. मी तर ओला घट्ट गर असेल तेव्हा बिस्किटं बुडवतच नाही, कोरडीच लावते. तळाला कुरकुरीत बेस हवा असेल तर 200 ग्रॅम बिस्किटांचा चुरा आणि 80 ते 100 ग्रॅम वितळलेलं बटर, वाटीच्या बुडाने दाबून बसवायचं, अर्धा तास फ्रिजमध्ये, आणि त्यावर वितळलेल्या चॉकलेटचा पातळसा हात फिरवायचा. चॉकलेटच्या फॅटमधून पाणी खाली उतरत नाही, बेस दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत.

तर बारा जणांचं माप असं धरा. 20 बाय 30 सेंटिमीटरची, निदान पाच सेंटिमीटर खोल काचेची डिश. 600 मिली क्रीम, 250 ग्रॅम क्रीम चीज किंवा चक्का, 80 ते 100 ग्रॅम पिठीसाखर, व्हॅनिला, चिमूटभर मीठ (मीठ विसरू नका, क्रीमची चव उघडते), 300 ग्रॅमच्या आसपास बिस्किटं, वर सांगितलेला 400 ग्रॅम फळांचा गर, आणि वर लावायला 300 ग्रॅम ताजी फळं. तळाला चमचाभर क्रीम फासून घ्या म्हणजे बिस्किटं सरकणार नाहीत. मग बिस्किटं, कोपऱ्यात तुकडे करून बसवा, मोकळ्या फटी ठेवू नका. त्यावर क्रीम, त्यावर गर. गर पसरताना कडेपासून बोटभर आत थांबा, कारण वरचा थर दाबला की तो आपोआप कडेला येतो. परत बिस्किटं, क्रीम, गर, आणि तिसऱ्या बिस्किटांवर नुसतं क्रीम. एक युक्ती, गर ओतायचा नाही, चमच्याने जागोजागी ठिपके ठेवायचे आणि मग जोडायचे, ओतलेला गर पडताना क्रीममध्ये खड्डा करतो. साखरेची चव बघताना मिश्रण किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, गार झाल्यावर गोडी कमी लागते, म्हणून बाहेर बरोबर वाटलेलं फ्रिजमधून काढल्यावर मचूळ लागतं.

ग्लासमध्ये करायचं का, तर दिसायला छान, वाढायला सोपं, पण थर स्वच्छ राहायला क्रीम पायपिंग बॅगने भरावं लागतं, चमच्याने भरलं की काचेला बोटं लागल्यासारखे डाग. बारा ग्लास गाडीतून न्यायचे म्हणजे वेगळीच कसरत. डिशच करा.

वरून क्लिंग फिल्म किंवा घट्ट झाकण लावायचंच, क्रीममधलं फॅट फ्रिजमधले वास ओढून घेतं, चिरलेला कांदा शेजारी असेल तर बोलायलाच नको. कमीत कमी सहा तास, रात्रभर असेल तर सगळ्यात चांगलं, म्हणजे बिस्कीट केकसारखं मऊ होतं आणि सुरीने कापता येतं. घाई झाली म्हणून फ्रीजरमध्ये टाकू नका, वीसेक मिनिटं ठीक, पण गोठून परत वितळलं की पाणी सुटणार, म्हणजे आपण इतका वेळ जे टाळलं तेच. ताजी फळं मात्र सकाळी, निघायच्या आधी, टिपून. दोन दिवसांच्या आत संपवायचं.

आणि न्यायचं कसं. डिश आदल्या संध्याकाळी लावलेली असली पाहिजे, निघायच्या दोन तास आधी लावलेली डिश पहिल्याच वळणावर एका बाजूला सरकते. खाली आणि चारी बाजूंनी आइस पॅक लावलेल्या खोक्यात ठेवा, डिश आणि खोक्याच्या मधल्या जागेत टॉवेल कोंबा. गाडीत सीटवर ठेवू नका, सीट मागच्या बाजूला उतरती असते, पायाशी जमिनीवर सपाट जागा असते तिथे ठेवा, मांडीवर तर मुळीच नको, अंगाची ऊब लागते. पोचल्यावर आधी फ्रिज, मग गप्पा. बाहेर काढल्यावर दोन तासांच्या वर ठेवू नये, फारच उकडत असेल तर एकच तास. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एक काप, परत बुडवून, पुसून, दुसरा काप. कडा सरळ येतात, थर मोजता येतील इतके.